शुद्धोदकातील किल्मिष

नळाच्या पाण्याशी आपल्या देवघराचे सूत पहिल्यापासून फारसे जमले नाही. नळ नवे होते तेव्हा तोटीत चामड्याची चकती असते, म्हणून सोवळ्याचे पाणी विहिरीचेच हवे, असा आग्रह कित्येक घरांत दीर्घकाळ चालला. पुढे चामड्याच्या जागी रबर आले, तो आक्षेप मावळला, आणि त्याची जागा वासाने घेतली. पाण्यास औषधाचा वास येतो ही तक्रार गोमंतकापासून ग्वाल्हेरपर्यंत कोठेही ऐकावयास मिळते. तीर्थाच्या पळीभर पाण्यात तो वास उतरला की तुळशीचे पानही त्यास झाकू शकत नाही. ज्या द्रव्याचा हा वास, त्याने गेल्या शतकात किती जीव राखले, आणि त्याच द्रव्यापासून पाण्यात कोणते नवे किल्मिष उत्पन्न होते, ह्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत होते. ही तक्रार करणारे आणि तिला हसणारे, दोघांनाही ह्या इतिहासात काही ना काही ऐकून घ्यावे लागेल.

आरंभ आपल्याच भूमीवर करणे प्राप्त आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज ह्याने दौलतराव शिंद्यांना ग्वाल्हेर येथे तह स्वीकारावयास लावला, आणि त्याच दिवसांत बुंदेलखंडातील त्याच्या छावणीत पटकीने थैमान घातले. माणसे हजारोंनी पडली. छावणी उठवून बेतवेच्या काठी न्यावी लागली. पुढील वर्षी हीच साथ दक्षिणेत आणि मुंबईत उतरली. पेशवाई बुडाली त्या वर्षाच्या आठवणींत तोफांइतकेच ह्या रोगाचेही भय मिसळलेले होते. गावाच्या वेशीवर जरीमरीची जी ठाणी आजही पूजिली जातात, त्यांच्यामागे अशा कित्येक साथींची स्मृती आहे. रोग पाण्यावाटे येतो हे त्या वेळी जगात कोणासच सिद्ध करता आले नव्हते. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाकडे जॉन स्नो ह्या डॉक्टराने बोट दाखविले, आणि १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कलकत्त्याच्या रोग्यांत आणि तेथील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू ओळखला, तेव्हा कोठे हा वाद मिटू लागला.

त्यानंतर आठ वर्षांनी हॅम्बर्ग शहरात जे घडले ते आमच्या मते ह्या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग होय. हॅम्बर्ग एल्बे नदीचे पाणी न गाळताच पीत असे. शेजारचे आल्टोना शहर तीच नदी पीत असे, तेही हॅम्बर्गचे सांडपाणी मिसळल्यानंतरच्या खालच्या प्रवाहातून; परंतु तेथे पाणी वाळूच्या थरांतून मंद गतीने गाळले जाई. १८९२ च्या साथीत हॅम्बर्गमध्ये ८,६०० हून अधिक माणसे मेली आणि आल्टोना बव्हंशी बचावले. दोन्ही शहरांची सीमा ज्या रस्त्यावरून जात होती, त्या रस्त्याच्या एका बाजूस रोगी होते आणि दुसऱ्या बाजूस जवळजवळ नव्हते. औषधाचा एक थेंबही न घालता केवळ वाळूने हे साधले, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिची गरज पडणार आहे.

क्लोरीन वायू शेले ह्या रसायनज्ञाने १७७४ मध्येच शोधला होता. १७९९ मध्ये टेनंटने तो चुन्यात मुरवून कापड पांढरे करण्याचे चूर्ण बनविले. हीच आपली ब्लीचिंग पावडर. १८४७ मध्ये व्हिएन्ना येथे सेमेलवाइस ह्याने प्रसूतिगृहातील डॉक्टरांना अशाच चुन्याच्या पाण्याने हात धुवावयास लावून बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आणले. पिण्याच्या पाण्यात मात्र हे चूर्ण घालावयास माणूस धजत नव्हता. विषमज्वराच्या साथीत मेडस्टन गावाचे नळ १८९७ मध्ये त्याने धुतले गेले, १९०५ मध्ये लिंकन शहरात ह्यूस्टन ह्या वैज्ञानिकाने काही काळ सतत तसा उपयोग केला. तथापि मोठ्या शहराचे रोजचे पाणी अशा रीतीने शुद्ध करण्याचे धाडस अमेरिकेतील जर्सी सिटीच्या एका खटल्यातून जन्मास आले.

जर्सी सिटीस बूंटन येथील धरणातून पाणी पुरविण्याचा मक्ता एका खाजगी कंपनीने घेतला होता. १९०४ मध्ये पाणी सुरू झाले, परंतु ते करारात लिहिल्याप्रमाणे शुद्ध आणि आरोग्यदायक नाही, असे म्हणून शहराने पुरे पैसे देण्याचे नाकारले आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९०८ मध्ये न्यायाधीशाने निर्णय दिला तो मार्मिक होता: पाणी एरवी चांगले आहे, पण वर्षातून काही दिवस, मोठ्या पावसानंतर, त्यात घाण उतरते; कंपनीने पाणलोटातील गावांसाठी गटारे बांधावी किंवा दुसरा काही उपाय सिद्ध करून दाखवावा. कंपनीचे आरोग्यविषयक सल्लागार डॉ. जॉन लील ह्यांनी दुसरा उपाय निवडला. त्यांचे वडीलही वैद्य होते आणि अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या छावणीत जडलेल्या अतिसाराने वर्षानुवर्षे झिजून वारले होते. लील ह्यांनी जॉर्ज फुलर ह्या अभियंत्याकडून तीनएक महिन्यांत यंत्रणा उभी करविली, आणि २६ सप्टेंबर १९०८ रोजी रोजच्या सुमारे १५ कोटी लिटर पाण्यात ब्लीचिंग पावडरीचा द्रव पडू लागला. न्यायालयाची पूर्वपरवानगी नव्हती. शहरास विचारलेही नव्हते.

दुसऱ्या सुनावणीत लील ह्यांस जे प्रश्न विचारले गेले, ते आजही कोणत्याही पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्यास विचारण्याजोगे आहेत. हे पाणी आपण स्वतः पिता काय, बायकामुलांस द्याल काय? लील ह्यांनी होकार दिला, आणि हे जगातील सर्वांत निर्धोक पाणी आहे असे आपले मत सांगितले. शहराच्या बाजूचे मोठमोठे तज्ज्ञ पाण्यात रसायन घालण्याच्या कल्पनेनेच बिथरले होते. १९१० मध्ये निकाल कंपनीच्या पद्धतीच्या बाजूने लागला आणि ती वणव्यासारखी पसरली. १९०० च्या सुमारास अमेरिकेत दर लाख वस्तीत विषमज्वराने वर्षाला तीसहून अधिक माणसे मरत. गाळणे आणि क्लोरीन ह्या जोडगोळीने चाळीस वर्षांत तो रोग जवळजवळ पुसून टाकला. लंडनने १९१६ मध्ये युद्धकाळात, पंपांचा कोळसा वाचावा एवढ्याच हिशेबाने, टेम्सच्या पाण्यात क्लोरीन घालावयास आरंभ केला होता.

एक योगायोग नोंदविण्याचा मोह आवरत नाही. जर्सी सिटीत यंत्रणा सुरू झाली त्याच्या तिसऱ्याच दिवशी, २८ सप्टेंबर १९०८ रोजी, हैदराबादेत मुसी नदीस प्रलयंकर पूर आला आणि हजारो जीव गेले. त्या संकटातून विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने १९२० चा उस्मानसागर आणि १९२७ चा हिमायतसागर उभे राहिले, आणि तेथील मराठी कुटुंबांच्याही दोन-तीन पिढ्या ते पाणी प्याल्या. पाणी साठविणे आणि पाणी शुद्ध करणे, ही दोन्ही शास्त्रे आपल्या शहरांत अशी बरोबरीनेच आली.

आता किल्मिषाकडे वळू. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्यास गुंगी आणणारा क्लोरोफॉर्म जुन्या पिढीस ठाऊक आहे. तो १८३१ मध्ये फ्रान्स, जर्मनी आणि अमेरिका ह्या तीन देशांत तीन निरनिराळ्या माणसांनी जवळजवळ एकाच वेळी तयार केला. त्याची कृती काय होती? मद्यार्कात ब्लीचिंग पावडर घालून ऊर्ध्वपातन करणे. म्हणजे क्लोरीनचे चूर्ण आणि सेंद्रिय द्रव्य एकत्र आले की क्लोरोफॉर्म निपजतो, हे ज्ञान लील ह्यांच्या यंत्रणेपूर्वी ७७ वर्षे रसायनज्ञांच्या पोथीत होते. नदीचे किंवा तळ्याचे पाणी तर सेंद्रिय द्रव्यावाचून असूच शकत नाही. कुजलेली पाने, मुळे, शेवाळ ह्यांचा पिवळसर अर्क त्यात सदैव उतरलेला असतो. तरीही साठ-पासष्ट वर्षे ह्या दोन गोष्टींची सांगड कोणी घातली नाही.

ती घातली रॉटरडॅमच्या जलपुरवठ्यातील रसायनज्ञ योहानेस रूक ह्यांनी. ऱ्हाईन आणि म्यूझ नद्यांचे पाणी क्लोरीन देण्यापूर्वी तपासले असता जी द्रव्ये दिसत नव्हती, ती क्लोरीन दिल्यानंतर दिसत होती: क्लोरोफॉर्म आणि त्याचे ब्रोमीनयुक्त तीन भाऊबंद. रसायनशास्त्र ह्या चौघांच्या कुळास ट्रायहॅलोमिथेन म्हणते. ही द्रव्ये कोठल्या कारखान्यातून आली नव्हती. पाण्यात उतरलेल्या वनस्पतींच्या अर्कावर क्लोरीनची क्रिया होऊन ती शुद्धीकरणाच्या जागीच निर्माण झाली होती. रूक ह्यांचा लेख १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतील बेलर, लिख्टेनबर्ग आणि क्रोनर ह्यांनी स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष मांडला. इतका उशीर होण्यास कारणही होते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. लिटरभर पाण्यात असे काही दशक मायक्रोग्रॅम द्रव्य पकडणारी उपकरणे १९५० नंतरच्या दोन दशकांत हळूहळू सिद्ध झाली. जे मोजता येत नाही ते नाही, असे धरून चालण्याची खोड शास्त्रज्ञांसही असते.

त्याच १९७४ च्या नोव्हेंबरात मिसिसिपी नदीच्या मुखाजवळील न्यू ऑर्लीन्स शहराच्या पिण्याच्या पाण्यात ६६ सेंद्रिय रसायने आढळल्याचे जाहीर झाले आणि अमेरिकेत खळबळ उडाली. रखडलेला पेयजल कायदा १६ डिसेंबरास अध्यक्ष फोर्ड ह्यांच्या सहीने मंजूर झाला. पुढल्या वर्षी ८० शहरांची पाहणी झाली, तेव्हा जेथे क्लोरीन तेथे क्लोरोफॉर्म असाच अनुभव आला. १९७६ मध्ये उंदीर-घुशींवरील प्रयोगांत मोठ्या मात्रेने क्लोरोफॉर्म दिल्यास मूत्रपिंडात व यकृतात अर्बुदे होतात असे दिसले, आणि खोकल्याची औषधे व दंतमंजने ह्यांत तो घालण्यास अमेरिकेने बंदी केली. पाण्यातून मात्र तो बंदीने जाणारा नव्हता. १९७९ मध्ये चारही द्रव्यांची मिळून लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम अशी मर्यादा ठरली. १९९८ मध्ये ती ८० वर आणली गेली आणि हॅलोअॅसेटिक आम्ले ह्या दुसऱ्या कुळास ६० ची मर्यादा घातली गेली.

येथून पुढे कथेस अनपेक्षित वळण लागते. ज्या क्लोरोफॉर्मवरून एवढे रान उठले, तो स्वतः बराचसा निर्दोष सुटला. थोड्या मात्रेत शरीर त्याचा निकाल लावू शकते असे कळत गेले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९८४ मध्ये ठरविलेली त्याची ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा वाढवीत वाढवीत ३०० पर्यंत नेली. परंतु दीर्घकाळ असे पाणी वापरणाऱ्या लोकांत मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण किंचित अधिक दिसते, हा निष्कर्ष निरनिराळ्या देशांच्या पाहण्यांतून पुनःपुन्हा येतच राहिला. आरोपी सुटला, गुन्हा मात्र उरला, अशी ही अवस्था. आज संशयाची दृष्टी ब्रोमीनयुक्त भाऊबंदांकडे आणि इतर उपद्रव्यांकडे आहे; अशी ६०० हून अधिक द्रव्ये ओळखली गेली आहेत आणि त्यांतील थोड्यांचीच नीट परीक्षा झाली आहे. शिवाय ती केवळ पिण्यावाटे जात नाहीत. बंद न्हाणीघरात कढत पाण्याने स्नान करताना वाफेतून आणि त्वचेतूनही जातात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने युरोपीय संघातील मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रोग्यांपैकी सुमारे ५ टक्के, म्हणजे वर्षास साडेसहा हजार, ह्या द्रव्यांच्या खाती मांडले. हा अंदाज आहे, आणि कार्यकारणसंबंध खरोखरच असेल तर, अशी अट त्यास जोडलेली आहे. पण साडेसहा हजार हा आकडा वासाच्या तक्रारीला हसणाऱ्यांनी एकदा मनात घोळवावा.

आणि तक्रार करणाऱ्यांनी पेरू देश आठवावा. १९९१ च्या जानेवारीत तेथील किनाऱ्यावरील शहरांत पटकी उद्भवली, आणि एका वर्षात ३ लाखांहून अधिक लोक आजारी पडून जवळजवळ ३,००० मेले. कर्करोगाच्या धास्तीने तेथील अधिकाऱ्यांनी पाण्यातील क्लोरीन बंद केले होते, अशी वार्ता तेव्हा जगभर झाली. पुढे शोध घेणाऱ्यांस तिच्यात फारसे तथ्य आढळले नाही. मोडके नळ, अपुरे पैसे, आणि कित्येक ठिकाणी क्लोरीन मुळातच नसणे, हीच खरी कारणे होती. तरी ही कथा आजही सांगितली जाते, आणि उपद्रव्यांविषयी शंका काढणाऱ्याचे तोंड बंद करण्यास तिचा उपयोग होतो. हे आम्हांस गैर वाटते. क्लोरीनची महती सांगण्यास तीन हजार मृतांचे सत्य पुरेसे आहे; त्यास खोट्याची जोड कशाला? क्लोरीनवाचून पाणी पाजल्यास माणसे आठवड्यात मरू शकतात, उपद्रव्यांचा संशय खरा ठरला तरी त्याचे फळ तीस-चाळीस वर्षांनी काहींच्या वाट्यास येते. म्हणूनच उपद्रव्ये कमी करण्याच्या नादात जंतुनाशनात कसूर होऊ देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना बजावीत आली आहे.

उपद्रव्यांपासून पळताना दुसऱ्या खड्ड्यात पाय कसा पडतो, ह्याचे उदाहरण खुद्द वॉशिंग्टनचे आहे. मर्यादा पाळता यावी म्हणून त्या राजधानीने २००० च्या नोव्हेंबरात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया ह्यांचा संयोग, वापरण्यास प्रारंभ केला. उपद्रव्ये घटली, परंतु जुन्या शिशाच्या नळांच्या आतील कवच ह्या पालटलेल्या पाण्यात विरघळू लागले, आणि हजारो घरांच्या पाण्यात शिसे उतरले. बव्हंशी नागरिकांस हे कळले ते २००४ च्या जानेवारीत, वृत्तपत्रातून. ओझोन वायूचाही असाच काच आहे: पाण्यात ब्रोमाइड असेल तर त्यापासून ब्रोमेट हे आणखी एक संशयित द्रव्य बनते.

मग मार्ग कोणता? आल्टोनाच्या वाळूकडे परत जावे लागते. क्लोरीन हा दोषाचा अर्धा भाग, पाण्यातील कुजकट अर्क हा दुसरा अर्धा. तो आधी काढून टाकला तर क्लोरीन थोडे पुरते आणि उपद्रव्यास कच्चा मालच मिळत नाही. रूक ह्यांच्या हॉलंडने हेच पराकोटीस नेले. वाळूच्या टेकड्यांतून पाणी मुरविणे, मंद गतीने गाळणे, कोळशाच्या कणांतून नेणे, जंबुपार किरणांनी जंतू मारणे, अशी मालिका उभारून त्या देशाने क्लोरीन क्रमाक्रमाने सोडले, आणि २००५ पासून तेथे पिण्याच्या पाण्यास ते दिले जात नाही. आपल्याकडे ह्याचे अनुकरण व्हावे असे म्हणणारे भेटतात. पण तेथील नळ अहोरात्र भरलेले आणि जवळजवळ न गळणारे असतात. आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी तासा-दोन तासांपुरते येते. ते गेल्यावर रिकामा नळ शेजारच्या गटाराचे पाणी भेगांतून आत ओढतो. तेथे राखणीस उरते ते नळातले शिल्लक क्लोरीनच. म्हणून २०१२ च्या भारतीय मानकात शिल्लक क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे असे म्हटले आहे, आणि त्याच मानकात क्लोरोफॉर्मला ०.२ मिलिग्रॅमची कमाल मर्यादाही आहे. पहिला आकडा तपासणे सोपे, रंग बदलणाऱ्या थेंबांचे काम; दुसऱ्यास प्रयोगशाळा लागते. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात जाऊन पहिल्याबरोबर दुसराही आकडा मागणे, आणि विशेषतः पावसाळ्यातला मागणे, हा नागरिकाचा हक्क आहे. जर्सी सिटीच्या न्यायाधीशाने पावसानंतरच्या दिवसांवरच बोट ठेवले होते.

देवस्थानांच्या विहिरी आणि तळी मात्र आपल्याच हाती आहेत. तेथे आम्हांस एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. बेल, तुळस, झेंडू, दूर्वा ह्यांचे निर्माल्य पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत पडू देणे म्हणजे रूक ह्यांच्या प्रयोगाची सामग्री जमविणे होय. ते कुजते, क्लोरीन खाऊन टाकते, जंतू मारण्यास काही उरत नाही, आणि जे खाल्ले गेले त्यातील काही भागाची उपद्रव्ये बनतात. मग चूर्ण अधिक टाकावे लागते, आणि वासही वाढतो. समुद्राजवळच्या ज्या विहिरींत खारे पाणी झिरपते, तेथे त्याबरोबर ब्रोमाइड येते आणि उपद्रव्यांत ब्रोमीनयुक्त भाऊबंदांचे प्रमाण चढते. गोव्याच्या किनारपट्टीवरील मंडळींनी हे विशेष लक्षात घ्यावे. पाणी वस्त्रगाळ करून घेण्याची आपली जुनी चालही टाकाऊ नव्हे. बांगलादेशातील खेड्यांत जुन्या साडीच्या चार किंवा अधिक पदरांतून पाणी गाळल्याने पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, असा प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. अर्थात वस्त्र पाण्यात विरघळलेला अर्क गाळू शकत नाही. पाणी उकळल्यास क्लोरोफॉर्मचे कूळ उडून जाते, पण शिल्लक क्लोरीनही जाते, म्हणून उकळलेले पाणी झाकून ठेवावे आणि त्याच दिवशी संपवावे.

विहिरीचा आधी गाळ आणि पालापाचोळा काढावा, कठडा व झाकण नीट करावे, आणि मग चूर्णाचा हिशेब करावा. उघडे पडून विटलेले चूर्ण निरुपयोगी. ताज्या चूर्णाचे दर हजार लिटरास अडीच ग्रॅम हे साधारण प्रमाण. ते थेट पाण्यात भिरकावू नये. बादलीत कालवून दहा मिनिटे चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीच्या पाण्याखाली सोडावी आणि हिसके देऊन ढवळावी; खालचा चुना विहिरीत टाकू नये. निदान एक तास पाणी उपसू नये. दिवसाचा उपसा संपल्यावर सायंकाळी हे काम केले म्हणजे काकड आरतीच्या वेळी पाणी काढता येते.